राष्ट्रीय पोशाख ठरवतं कोण? (सुरुवात भूतानच्या घो-किरापासून)

वल्लरी_म

भूतानात पारोला उतरलं की पासपोर्टवर शिक्का मारणारे साहेब, बाहेर पाटी धरून उभा असलेला गाइड, गाडीचा ड्रायव्हर, सगळे एकाच कापाच्या कपड्यांत. पुरुषांना घो, बायकांना किरा. पर्यटकांसाठी नटवलंय म्हणावं, तर बँकेत, पोस्टात, शाळेच्या वर्गातही तेच. सरकारी कचेऱ्या, शाळा आणि झोंग (किल्ला, मठ आणि कलेक्टर कचेरी एकाच वाड्यात) इथे तो घालावाच लागतो.

दिसतो सुरेख, यात वाद नाही. पण खरी गंमत तो चढवताना कळते. घो म्हणजे मुळात घोट्यापर्यंतचा झगा. अंगात घालून मागे दोन्ही बाजूंना एकेक रुंद सपाट चुणी धरायची, मग अख्खा झगा गुडघ्यापर्यंत वर ओढायचा आणि कमरेला 'केरा' नावाचा विणलेला पट्टा करकचून आवळायचा. वर ओढलेलं जास्तीचं कापड पट्ट्यावर पोटाशी लोंबतं, तोच खिसा. त्यात फोन, पाकीट, डोमा (पान-सुपारी-चुना), पोराचा खाऊ, काय हवं ते. पूर्वी जेवणाचा वाडगासुद्धा तिथेच असायचा. आतल्या सदऱ्याच्या पांढऱ्या बाह्या बाहेर दुमडून घेतात आणि त्या पांढऱ्यावरून माणूस टापटिपीचा आहे की नाही ते जोखतात, इति आमचा गाइड. त्याने नवऱ्याला घो चढवून पट्टा आवळला, तेव्हा नवऱ्याचं पहिलं वाक्य होतं, "यात जेवायचं कसं?"

किरा त्याहून साधी आणि त्याहून अवघड. विणलेले तीन पट्टे जोडून केलेलं मोठं आयताकृती कापड. अंगाभोवती गुंडाळून खांद्यांवर 'कोमा' नावाच्या चांदीच्या दोन आकड्यांनी अडकवायचं, कमरेला पट्टा. आत वोंजू हे पोलकं, वरून टेगो हे आखूड जाकीट. कुर्तो भागातली किशुथारा जवळून पाहिली. भरतकाम वाटावं अशी नक्षी, पण सुई लागलेलीच नाही. माग कमरेला बांधून बसायचं आणि विणता विणताच रंगीत रेशमाचे जादा धागे बोटांनी अडकवत जायचे. भारी कामाच्या एका किरेला कित्येक महिने जातात.

झोंगमध्ये शिरताना पुरुषाने खांद्यावरून 'काब्ने' हे उपरणं घ्यायचं, बाईने 'राचू'. काब्नेच्या रंगावरून हुद्दा कळतो. राजा आणि मुख्य धर्मगुरू यांचा पिवळा, मंत्र्यांचा नारिंगी, राजाने 'दाशो' हा मानाचा किताब दिलेल्याचा लाल, न्यायाधीशाचा हिरवा, खासदाराचा निळा, तुमच्या-आमच्यासारख्याचा पांढरा. माणूस तोंड उघडण्याआधीच त्याला किती वाकून नमस्कार करायचा ते ठरलेलं.

आता धागा काढायचं कारण. घो सतराव्या शतकात भूतान एकत्र आणणारे धर्मगुरू शबद्रुंग न्गवांग नामग्याल यांनी रूढ केला असं मानतात, तिबेटहून आपण वेगळे आहोत हे दिसावं म्हणून. पण आजची सक्ती जुनी नाही. १९८९ साली चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांग्चुक यांच्या फर्मानाने ती सगळ्यांना लागू झाली. सगळ्यांना म्हणजे दक्षिणेकडच्या उष्ण पट्ट्यात राहणाऱ्या नेपाळी बोलणाऱ्या हिंदू लोकांनाही. दौरा-सुरुवाल आणि साडी वापरणाऱ्या या लोत्शाम्पांना थंड डोंगरातला जाड घो घालायला लावला. त्याच सुमारास नागरिकत्वाचे कायदे आवळले, शाळांतून नेपाळी विषय गेला. १९९० मध्ये आंदोलनं झाली आणि पुढच्या काही वर्षांत लाखभर माणसं नेपाळमधल्या झापा-मोरंगच्या छावण्यांत जाऊन पडली. एवढं सगळं पोशाखामुळे झालं नाही, हे उघड आहे. पण पोशाख त्या यादीत होता.

म्हणून विचारते. तुम्ही जिथे राहिलात, फिरलात, तिथला 'राष्ट्रीय' पोशाख मुळात कुणाचा होता आणि सगळ्यांचा कुणी केला?

टपरीवरचा

रुमाल टाकून ठेवतो. पॉपकॉर्न आणलेत.

मेकाँगकाठी

मस्त धागा वल्लरीताई. नोकरीमुळे सायगॉनमध्ये राहतो (सरकारी नाव हो ची मिन्ह सिटी, पण इथलं कुणी तेवढं लांब बोलत नाही). इथला आओ झाय तुमच्या प्रश्नात फिट बसतो.

व्हिएतनाम तेव्हा दोन घराण्यांत वाटलेला होता, उत्तरेत त्रिन्ह, दक्षिणेत न्गुयेन. १७४४ साली दक्षिणेच्या न्गुयेन फुक खोआतने हुकूम काढला की आपल्या मुलखात बायका-पुरुषांनी गुंड्यांचा झगा आणि खाली विजार घालायची. हेतू एकच, उत्तरेच्या लोकांहून आपण वेगळे दिसायला हवेत. उत्तरेत बायका परकरासारखं वस्त्र नेसायच्या. पुढे देश एक झाला आणि मिन्ह मांग बादशहाने उत्तरेतही परकर बंद करून विजार सक्तीची केली. त्यावर बायकांनी रचलेली टिंगलीची लोकगीतं इथे अजून म्हणतात. बादशहाने 'बूड नसलेल्या विजारीवर' बंदी घातली, आता बाजाराला जायचं तर नवऱ्याची विजार मागून न्यायची का, असा त्यांचा सूर.

आज जो अंगासरशी बसणारा आओ झाय दिसतो तो १९३० च्या दशकातला. हनोईत न्गुयेन कात तुओंग या चित्रकाराने फ्रेंच कपड्यांकडे बघून तो काढला. तेव्हा सनातन्यांनी बोंब ठोकली होती. १९५० च्या दशकाच्या शेवटी मादाम न्हूने (दक्षिण व्हिएतनामच्या अध्यक्षांची भावजय) कॉलर काढून गळा मोकळा केला, परत बोंब. साठच्या दशकात सायगॉनच्या शिंप्यांनी बाहीची शिवण खांद्यावरून काढून गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी नेली, त्यामुळे खांद्याला सुरकुती पडेनाशी झाली. १९७५ मध्ये दक्षिणेतही साम्यवादी आले, त्यानंतर काही वर्षं हा पोशाख श्रीमंती चोचला ठरून मागे पडला आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून परत आला. आता बँकेत, हॉटेलात, लग्नात सगळीकडे. शाळकरी मुलींचा पांढराशुभ्र.

माप देताना शिंपीणबाई दंडाचं वेगळं, कोपराचं वेगळं, मनगटाचं वेगळं घेते. बायकोने शिवला आहे. सुंदर दिसतो, पण दोन घास जास्त जेवलं तर झाकत नाही. स्कूटरवर मागचा पदर पुढे घेऊन मांडीखाली दाबायचा असतो, नाहीतर गेला चाकात. इथल्या मुली ते न बघता करतात.

ठोकताळा

म्हणजे दोन्हीकडे शेजाऱ्याहून वेगळं दिसायची हौस. सौंदर्यबिंदर्य नंतर.

थायलंडचं ऐका, तिथे तर सरकारने उलटसुलट दोन्ही करून दाखवलं. पूर्वी तिकडे पुरुष काय, बाया काय, 'चोंग क्राबेन' नेसत. लांब कापड कमरेला गुंडाळायचं, पुढची दोन्ही टोकं एकत्र पिळायची, पायांतून मागे नेऊन खोचायची. कंबोडियात तेच, 'चांग क्बेन'. आपल्याकडच्या कोणत्याही आजीने बघितलं असतं तर "कासोटा बरा घातलाय" एवढंच म्हणाली असती.

मग आले पंतप्रधान फील्डमार्शल फिबुन. १९३९ ते १९४२ मध्ये त्यांनी संस्कृतीचे बारा फतवे काढले. देश सुधारलेला दिसला पाहिजे, तर चोंग क्राबेन बंद, बायकांना घागरा आणि डोक्यावर हॅट. हॅट नसेल तर सरकारी कचेरीत काम होत नसे. भाजीवाल्या म्हाताऱ्यांनी काय करायचं?

आणि १९६० साली राणी सिरिकित अमेरिका-युरोपच्या दौऱ्यावर निघाल्या, तेव्हा लक्षात आलं की जपानच्या राणीला किमोनो आहे, भारताच्या बायकांना साडी आहे, आपल्या राणीने काय घालायचं? मग जुनी चित्रं, जुने फोटो धुंडाळून 'चुत थाय' ठरवला. आज बँकॉकच्या देवळासमोर भाड्याने घेऊन पोरी फोटो काढतात तो यातला. त्याच्या बऱ्याच जातकुळींना त्या दौऱ्याच्या दोनेक दशकं आधी सरकारनेच अडाणी म्हणून हाकललं होतं. राणीच्या दौऱ्याच्या कपड्यांना हात लागला होता पॅरिसच्या पिएर बाल्मँचा. घ्या, पूर्वापार परंपरा!

शिंपले

@ठोकताळा, बाल्मँसाहेबांचं प्रकरण इथेच संपत नाही. सिंगापूरच्या विमानातल्या हवाई सुंदरींचा तो बातिकचा सारोंग-केबाया (खाली लुंगीसारखा सारोंग, वर केबाया हा अंगरखा) आठवा. सिंगापूर-मलेशियाची विमान कंपनी एकच होती तेव्हा, १९६८ मध्ये, तोही त्यांनीच बेतला. आशियातल्या दोन 'अस्सल' पोशाखांवर एकाच फ्रेंच शिंप्याची कात्री. :)

पण म्हणून केबाया खोटा होत नाही हां. मी सिंगापूरला आहे. शेजारची पेरानाकान (पूर्वी इथे येऊन वसलेल्या चिन्यांच्या वंशातली) आजी तिच्या आईचा केबाया घालते. झिरझिरीत वॉइल, पुढे कडांना इतकं बारीक कटवर्क की लेस लावलीय असं वाटतं. गुंड्या नाहीतच. साखळीने जोडलेले तीन ब्रोच, 'केरोसांग', तेवढ्यावर सगळं पेललेलं. ही नक्षी पायाने चालवायच्या शिलाई मशीनवर काढायचे, कापड लाकडी गोलात ताणून दोन्ही हातांनी फिरवत.

मुद्दा असा, की केबाया कुणाचा यावर इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर यांच्यात बरीच वर्षं धुसफूस होती. इंडोनेशियात आधी एकट्याचं नाव लावायची मोहीम निघाली. शेवटी ब्रुनेई, मलेशिया, सिंगापूर, थायलंड आणि इंडोनेशिया यांनी मिळून अर्ज केला आणि डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोच्या यादीत पाचांच्या नावावर तो लागला. मला वाटतं, या सगळ्या भागात झालेलं हे सगळ्यांत शहाणपणाचं काम.

उलट टोक बघायचं तर २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकचं उद्घाटन. चीनच्या निरनिराळ्या जमातींची माणसं झेंडा पुढे देत होती, त्यात एक बाई हानबोक घालून होती. दक्षिण कोरियात आगडोंब, आमचा पोशाख चोरला म्हणून. पण चीनच्याच यानबियन भागात पिढ्यान् पिढ्या राहणारे कोरियन वंशाचे चिनी नागरिक आहेत, त्यांनी सणाला काय घालायचं? तिकडचा राग मला समजतो, पण त्या बाईला चोर म्हणणं पटत नाही.

मुक्ता_टीप

तुम्ही सगळे राजे-राण्यांमध्ये अडकलात, जरा कापडाकडे या. :)

टोक्योत होते तेव्हा किमोनो शिवायला (नुसता नेसायला नाही) शिकले. त्याचं कापड 'तान' नावाच्या गुंडाळीत येतं. पन्हा जेमतेम ३६ ते ३८ सेंटिमीटर, लांबी १२ मीटरच्या आसपास. एका गुंडाळीत एक किमोनो. सगळे काप सरळ रेषेत. अंगाच्या दोन पट्ट्या, दोन बाह्या, पुढे जोडायच्या दोन अरुंद पट्ट्या आणि गळपट्टी. गळ्याला खोल गोलाई नाही, मुंढा नाही, चिंधी जवळजवळ निघतच नाही. जास्तीचं कापड कापून टाकत नाहीत, शिवणीच्या आत दडवतात.

का, ते धुताना कळतं. जुन्या पद्धतीत रेशमी किमोनो उसवून पट्ट्या पुन्हा टाक्यांनी जोडायच्या, की परत मूळची गुंडाळी तयार. ती धुवायची, ताणून वाळवायची, पुन्हा शिवायची. म्हणून टीपही हाताने, मुद्दाम उसवता येईल अशी. फिकटला तर परत रंगवायचा, झिजलेली बाजू आत घालायची. उंची कमी-जास्त असेल तर कमरेशी घडी घ्यायची, ती ओबी या रुंद कमरपट्ट्याखाली दाबली जाते. आईचा लेकीला येतो तो असा.

डावी बाजू नेहमी वर. उजवी वर फक्त प्रेताला. क्लासमध्ये एका ऑस्ट्रेलियन मुलीने उलटा नेसला, तर बाई काही न बोलता उठल्या आणि सगळं सोडून पहिल्यापासून नेसवला.

आणि हो, आज रोज कुणी नेसत नाही. जानेवारीत विशीतल्या मुलींचा सज्ञान होण्याचा सोहळा असतो. लांब बाह्यांचा फुरिसोदे, बहुतेकींचा भाड्याचा, पहाटे पार्लरमध्ये नेसवून घेतलेला. मेइजी काळात (१८६८ ते १९१२) बादशहाने, अधिकाऱ्यांनी कोट-पँट घातली आणि किमोनो हळूहळू घरात, मग सणात, मग बायकांकडे सरकला. तिथे कुणी फर्मान काढून किमोनो राष्ट्रीय केला नाही. रोजच्या वापरातून गेला आणि राष्ट्रीय झाला.

टपरीवरचा

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं. पुढच्या भागात कुणाचा नंबर?

सेकंड_मेट

आमचा. जहाजावर अर्धा स्टाफ फिलिपिनो, त्यामुळे बारोंग तागालोग लग्नाच्या फोटोंत शेकड्याने पाहिलेत आणि मनिलात एक विकतही घेतलाय. अंगाबाहेर सोडायचा, पारदर्शक, लांब बाह्यांचा, पुढे भरतकाम केलेला सदरा. आत पांढरी बंडी, नाहीतर सगळंच दिसतं.

खरा भारी बारोंग 'पिन्या'चा, म्हणजे अननसाच्या पानांच्या धाग्याचा. आकलान प्रांतात कालिबोला हे काम चालतं. पान फुटक्या चिनीमातीच्या तुकड्याने खरवडून आतला तंतू काढतात. तो केसासारखा बारीक, म्हणून एकेक तंतू हाताने गाठ मारून जोडायचा आणि मग माग. भरतकाम लुझोन बेटावर लुंबान गावात. तिथल्या बाया कापडातले काही धागे ओढून काढतात आणि उरलेल्यांना टाके घालून जाळी करतात. माझा अर्थात पॉलिएस्टर मिसळलेला, उगाच गैरसमज नको.

सगळे फिलिपिनो एक गोष्ट छातीठोक सांगतात. स्पॅनिशांनी म्हणे कायदा केला, नेटिवांनी सदरा बाहेर सोडायचा आणि कापड आरपार दिसणारं हवं, हत्यार लपवता येऊ नये म्हणून. असा कायदा कुणी दाखवू शकलेलं नाही. दमट हवेत सदरा बाहेर सोडायला कायदा कशाला लागतो? १९५३ मध्ये रामोन माग्सायसाय यांनी अध्यक्षपदाची शपथ बारोंग घालून घेतली आणि कोट-टायच्या बरोबरीला तो बसला. पुढे १९७५ मध्ये अध्यक्ष मार्कोसने फर्मानाने बारोंगचा आठवडा पाळायला लावला. इथेही शेवटी फर्मान आलंच, वल्लरीताई.

हिमालयवेडा

मूळ धाग्यावर येतो. भूतानने दौरा-सुरुवालवाल्यांवर घो लादला हे खरं. पण तोच दौरा-सुरुवाल सीमेपलीकडे नेपाळात काय करत होता?

तिथे तो राष्ट्रीय होता. पुढे आडवा येणारा, गुंड्यांऐवजी आठ 'तुना' म्हणजे बंदांनी बांधायचा दौरा, खाली घोट्याशी घट्ट सुरुवाल, डोक्यावर ढाका टोपी आणि वर कोट. कोट नेपाळचे पंतप्रधान जंगबहादुर राणा यांचा. १८५० मध्ये ते इंग्लंडला जाऊन आले आणि दौऱ्यावर कोट चढला. हा झाला डोंगरातल्या लोकांचा पोशाख. तराईतले मधेसी धोतर-कुर्त्यावाले. सरकारी फोटोत, कचेरीत, परदेशी पाहुण्यांपुढे मात्र नेपाळी म्हणजे दौरा-सुरुवाल-टोपी. मधेसी माणसाला काठमांडूत हिणवायचं तर शिवी म्हणून 'धोती' म्हणतात. मी स्वतः ऐकलंय, भाजी घेताना, भाजीवाल्याला.

म्हणजे एकच कपडा. झापाच्या छावणीत तो नाकारलेल्या माणसाची ओळख, आणि तिथून दोन तासांवरच्या मधेसी गावात तोच कचेरीचा रुबाब.

वल्लरी_म

@हिमालयवेडा, हे डोक्यात आलंच नव्हतं. धाग्याचा अर्धा पसारा तुमच्या या प्रतिसादातच आहे.

ठोकताळा

घरचंही बोला की. बाहेरगावच्या मंडळाच्या कार्यक्रमात 'महाराष्ट्रीय वेशभूषा' म्हणजे शिवलेली नववारी, नथ आणि चंद्रकोर. बस. कोळणीचं गुडघ्यापर्यंत चापून नेसलेलं लुगडं कुठे गेलं? नंदुरबारकडच्या आदिवासी बाया कुठे गेल्या? पाच मिनिटांत चढवायची चेनवाली नववारी झाली राज्याची ओळख. फर्मान नाही निघालं, पण बाजाराने काढलं.

मुक्ता_टीप

चेनवालीवर एवढं का चिडता? माझी आजी रोज नेसायची, तिला सवय. नव्या मुलीला वर्षातून एकदा नेसायची असेल तर शिवून घेऊ दे. कोळणींच्या लुगड्याबद्दल मात्र +१. गोव्यातही हेच, लाल चौकड्यांची कुणबी साडी शेतातून जवळजवळ गेली आणि मग फॅशन शोमध्ये आली.

अवांतर: इतक्या चर्चेत दादरच्या पारसी काकूंचा गारा राहिला. कँटनच्या व्यापारातून आलेलं चिनी रेशमी भरतकाम, त्यात पॅगोडे आणि चिनी माणसं, आणि नेसायला गुजराती पद्धतीची साडी. कुठल्याच राष्ट्राचा पोशाख नाही, तरी पेटीत शंभर वर्षं सांभाळलेला. वेगळा धागा काढेन.

कोलंबसकर

बरेच दिवस वाचनमात्र होतो, पण लोत्शाम्पांचा विषय निघाला म्हणून लिहितो. अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबसला राहतो. २००८ नंतर छावण्यांतली माणसं बाहेरच्या देशांत वसवली, त्यातली बरीचशी इथे आहेत. आमच्या किराणा दुकानाचा मालक त्यांतलाच. त्याचे वडील थंडीत जाड जॅकेट घालतात, पण डोक्यावर ढाका टोपी कायम. दसऱ्याला टिका लावायला बोलावतात, तेव्हा घरातले सगळे दौरा-सुरुवालमध्ये.

त्या काकांना मी एकदा भीतभीतच घोबद्दल विचारलं. ते भूतानात शाळामास्तर होते. म्हणाले, नोकरीत रोज घालायचो, मागच्या चुण्या माझ्याइतक्या सरळ कुणाच्याच नसत. राग नव्हता बोलण्यात, उलट जरा तोराच. मुलगा मात्र उठून दुकानात निघून गेला.

टपरीवरचा

वल्लरी, एक राहिलं. किरा घेतलीस का? केवढ्याला पडते?

वल्लरी_म

कोलंबसकर, लिहीत राहा, असे प्रतिसाद हवे आहेत.

@टपरीवरचा, हाताने विणलेल्या किशुथाराचा भाव ऐकून ती परत ठेवली. पैठणीच्या दुकानात जो धसका बसतो तोच. बाजारात मशीनवर विणलेल्या, भूतानी नक्षीच्या स्वस्त किरा ढिगाने मिळतात, आणि त्यातल्या बऱ्याच भारतातून जातात. सीमेवर फुंत्शोलिंगला तर दुकानदारानेच सांगितलं, तुमच्याकडूनच येतं हे. थिंफूच्या नोकरदार मुली आता बहुतेक अर्धी किरा वापरतात, कमरेखाली स्कर्टसारखी, वरून टेगो. कोमा नाहीत, खांदे दुखत नाहीत. ऑफिस सुटल्यावर त्यातल्या कित्येक जणी संध्याकाळी जीन्समध्ये दिसतात. मी तसलीच एक सुती अर्धी किरा घेतली, हिरव्या-तांबड्या पट्ट्यांची. ऑफिसला घालते. लिफ्टमध्ये सगळे विचारतात, खण आहे का.